काळ्या पानावरची अक्षरं

शेजारचे काका झाडांविषयी एक वेबसाइट लिहायचे. ते गेल्यावर एका अपडेटमध्ये तिचं रूप पुसलं गेलं. "ह्यांनी ठेवली होती तशीच करून दे गं," काकू मला म्हणाल्या. काकांनी निवडलेले रंग साठवलेले होतेच. ते परत आणणारा कोड मी त्यांच्याच घरी बसून लिहिला. पान उघडलं आणि सगळा पडदा काळा झाला.

कोड चुकला असं वाटलं. तपासला, तर बरोबर होता. पार्श्वभूमी काळी आणि अक्षरंही काळीच.

"शेवटी त्यांची नजर गेली होती ना," काकू मागून म्हणाल्या. "तरी रोज बसायचे. चाचपडत रंग बदलायचे. एक दिवस म्हणाले, आता अगदी स्वच्छ दिसतंय."

माणसाचं शेवटचं पाहणंसुद्धा असं कुठेतरी साठून राहतं, आणि मागितलं की निमूट परत मिळतं.

"काकू, अक्षरं पांढरी करू?"

"नको." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या काळोखावर बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या, "आमच्या दारचा बहावा यंदा उशिरा फुलला..."

मी माउस ओढून तेवढी ओळ उजळवली. त्यांच्या बोटाखाली तेच शब्द होते.