टर्मिनलवरचं कुंकू

मी लाजून बोलणाऱ्यांतली नाही, म्हणून सरळ सांगते: धामणगाव बढ्यातलं आमचं बॅटरीचं दुकान माझ्यामुळं टिकलं. नवरा आता हे हसत कबूल करतो. तेव्हा करत नव्हता.

ते बोंडअळीचं साल. बीटीला अळी लागत नाही, असं सगळे छातीठोक सांगायचे, आणि त्याच कपाशीची बोंडं आतून पोखरलेली निघाली. पीक गेलं, ट्रॅक्टर जागेवर उभे राहिले, मग बॅटरी कोण बदलतो? संक्रांत झाली की शटर कायमचं ओढायचं आणि पुण्याला कंपनीत लागायचं, असं नवऱ्यानं ठरवून टाकलं होतं. मला मुळीच जायचं नव्हतं.

अशात कापसाचं जिनिंग चालवणारे शेठ त्यांची जुनी विलायती गाडी ढकलत घेऊन आले. दोनच सीटची, बुटकी, बिनटपाची, हिरवीगार. सीटमागच्या झाकणाखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या. तशा आता बाजारात मिळत नव्हत्या, म्हणून दोन्ही काढून बारा व्होल्टची एकच बसवायची होती.

"पोरीची पाठवणी ह्याच गाडीत करायची हाये," शेठ म्हणाले. "वायरिंग जळलं तर हिचं सामान कुठंच भेटत नाही. पाहून कर बाप्पा."

नवऱ्यानं एका बाजूची जागा रुंद करून नवी बॅटरी बसवली. जुन्या बॅटरीच्या एका टर्मिनलवर लाल ठिपका होता. आमच्या धंद्यात लाल म्हणजे प्लस. त्या टर्मिनलची वायर त्यानं नव्या बॅटरीच्या प्लसला आवळली. बॉडीला जाणारी दुसरी वायर मायनसला लावायला पाना उचलला, तेव्हा मी चहा घेऊन तिथंच उभी होते.

"थांबा," मी म्हटलं. "तो रंग नाही, कुंकू हाये."

"तुले काय समजते त्यातलं? चहा ठेव अन् जाय."

माझं डोकं सणकलं. दसऱ्याला दुकानातल्या बॅटऱ्यांना हळदकुंकू मीच लावते. वाळलेलं कुंकू मी नाही ओळखणार तर कोण? मी पदराचं टोक भिजवलं आणि ठिपका खसाखसा पुसला. खाली शिशात मायनसची खूण निघाली. शेठनी कपाळावर हात मारला. दर दसऱ्याला शेठाणीबाई गाडीची पूजा करायच्या.

"म्हंजे हिच्यात मायनसऐवजी प्लस बॉडीले?" नवरा म्हणाला. "असं कुठं असते का?"

"मले काऊन विचारता? जुन्या बॅटरीले मीटर लावून पाहा."

त्यानं मीटरचं लाल टोक ठिपक्याच्या जागी लावलं. सुई उलटी गेली. त्यानं वायर सोडवली आणि पाना माझ्या हातात दिला. ती वायर मायनसला आणि बॉडीची प्लसला मी आवळली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, अर्धा बाजार बघायला जमला आणि मी त्यांच्यामधून मान ताठ करून फिरले.

शेठनी ही गोष्ट जिथं तिथं सांगितली. पार रोहिणखेडचे लोक बॅटऱ्या घेऊन यायला लागले, आणि "बाई हायेत का?" असं विचारायला लागले.

लग्नाच्या दिवशी गाडी सजवून दुकानासमोर थांबली. शेठाणीबाई कुंकवाचा करंडा घेऊन उतरल्या. "आता कुठं लावू, तूच सांग माय."

"माझ्या कपाळाले लावा," मी म्हटलं. "बॅटरीले नको."

त्यांनी लावलं. मागून नवरा म्हणाला, "थोडं शटरलेही लावा. पुण्याले कोणी जात नाही."