पांढरी टेप

“टेप लावलीय मी. आता थेंब पडणार नाही.”

“सकाळीही हेच म्हणालात. मग खाली हे काय साचलंय, घाम आलाय का गाडीला?”

प्लंबर गाडीखालून बाहेर आला नाही. नुसते पाय दिसत होते, तेही रागावलेले. त्याची बायको चहाचा कप घेऊन उभी होती आणि तो द्यायचा की नाही, हे अजून तिचं ठरलं नव्हतं.

लेकीची नवी नोकरी उद्यापासून सुरू होत होती, टेकडीपलीकडच्या गावात. उतार मोठा, म्हणून बापाने जुन्या गाडीच्या मागच्या चाकांना घरीच डिस्क ब्रेक बसवले. व्हिडिओ बघून. गॅरेजमध्ये न्या, असं दोघी सांगून थकल्या. “नळीच जोडायची ना? आयुष्यभर काय केलं मी?” हे त्याचं उत्तर.

खोटं नव्हतं ते. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहा येईपर्यंत हा माणूस त्यांच्या बेसिनखाली हात फिरवून यायचा. ओलं लागलं की बायको समजायची, आता जेवण थंड होणार हे नक्की. त्याने जोडलेला नळ पुन्हा गळला असं सांगणारं गावात कुणी नव्हतं. म्हणूनच त्याला समजावणं कठीण.

“बाबा, आणखी आवळू नका,” लेक म्हणाली. “आटे जातील.”

“मला आटे शिकव आता.”

पाना करकरला. ब्रेक ऑइलचा थेंब टपकन पडला.

बायकोने कप बोनेटवर ठेवला. जुन्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा आणला, पदर खोचला आणि सरळ जमिनीवर आडवी झाली. “सरका जरा.” तिने जोड कोरडा पुसला. “ए, पेडल दाब गं. धरून ठेव.”

दोघं शेजारी शेजारी पडून बघत राहिले. आट्यांना गुंडाळलेली पांढरी टेप कोरडी होती. नळी जिथे नटात शिरते, तिथून मात्र तेल हळूच डोकावलं.

“तुम्ही दार लावताय समोरचं,” ती म्हणाली, “आणि चोर मागून येतोय.”

त्याने नट सोडवला. पाण्याच्या नळात आट्यांतून गळती होते, म्हणून टेप. इथे नळीचं फुलवलेलं तोंडच जोडाच्या आतल्या बैठकीवर घट्ट दाबून बसायला हवं. नट फक्त ते दाबून धरतो. त्याने हाताने फुलवलेलं ते तोंड एका बाजूला चेपलं होतं.

स्पेअर पार्टच्या दुकानातून तयार तोंडाची नळी आली. बसवताना त्याचा हात दोनदा टेपसाठी खिशात गेला आणि बायकोच्या नजरेने दोनदा बाहेर आला. लेकीने पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, नळीतली हवा निघाली. अभ्रा कोरडाच राहिला.

“झालं?” तो म्हणाला. अंगणभर बघून म्हणाला, जणू वरात निघालीय. चावी लेकीच्या हातात ठेवली. “जा खुशाल.”

बायको हत्यारं गोळा करत होती. काढून टाकलेली टेप तिने उचलली, बोटांनी सरळ केली.

“ही इथे तुटलीय. पुढचा तुकडा कुठेय?”

“पडला असेल.”

तिघांनी जमीन पाहिली. पत्र्याचा डबा उलटा केला. चिंध्या झटकल्या. जुन्या नळीत त्याने तार घालून बघितली. तुकडा सापडला नाही.

“आत गेला तर काय होतं?” लेकीने विचारलं.

त्याने टेपचं तुटलेलं टोक बोटाने चाचपलं. मग बोनेटवरचा गार चहा एका घोटात प्यायला आणि लेकीच्या हातातून चावी काढून घेतली.

“उद्या गाडी गॅरेजला जाईल. ओढून. सगळी लाइन उघडायला सांगणार आहे मी. तुकडा आत अडकला तर उतारावर ब्रेक लागणार नाही. तू बसने जा.”