अर्धं आटवलेलं पाणी

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. सुभद्राबाई बगीच्याच्या वरच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, शेणखत घमेल्यात भरून नाल्याच्या पलीकडे नेऊन टाकत आहेत. हा उकिरडा त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासून इथंच होता. बैल इथं बांधले जात, शेण इथंच साचे, आणि जानेवारीत, आंबिया बहाराच्या वेळी, ते लगेच झाडांना घालता येई. सोयीची जागा होती. आता ती सोय त्या स्वतःच्या हातानं मोडत आहेत, कारण उकिरड्यातून पावसात झिरपलेलं पाणी उतारानं जमिनीत मुरतं आणि खाली दोनशे पावलांवर झिरा आहे.

वडझिरा हे गाव अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गावाचं नाव या झिऱ्यावरूनच पडलं. वडाच्या मुळांखालच्या खडकातून पाणी बाहेर येतं आणि दगडी कुंडात साठतं. उन्हाळ्यात धार बारीक होते, पण तुटत नाही. नळयोजनेचं पाणी गावात येतं, पण त्याचा भरवसा नाही, म्हणून पिण्यासाठी अजूनही बरीच घरं झिऱ्यावरच आहेत. झिऱ्याच्या वर चार संत्र्याचे बगीचे आहेत. त्यांतला सगळ्यात लहान सुभद्राबाईंचा, सगळ्यात मोठा खुशालरावांचा.

सुभद्राबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. माहेर तेल्हाऱ्याकडचं, खारपाण पट्ट्यातलं. तिथल्या विहिरींचं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि चहा फाटे. स्थळं पाहायला सुरुवात झाली तेव्हा वडझिऱ्याहून परत आलेल्या वडिलांनी मुलाबद्दल फारसं सांगितलं नाही. ते म्हणाले, "पानी गोड हाय. पोरीले पान्याचं सुख हाय." लग्न तेवढ्यावर ठरलं. पहिल्या दिवाळीला माहेरी जाताना सुभद्राबाईंनी झिऱ्याच्या पाण्यानं भरलेली पितळी कळशी एसटीतून मांडीवर नेली होती. घरातल्या सगळ्यांनी ते पाणी पेल्यापेल्यानं वाटून प्यायलं.

खारपाण पट्ट्यातला माणूस पाणी जिभेनं तपासतो. खराब पाणी तोंडाला कळतं, हे सुभद्राबाई लहानपणापासून शिकलेल्या. झिऱ्याचं पाणी तोंडाला कधीच खराब लागलं नाही. आजही लागत नाही. नायट्रेटला चव नसते.

गेल्या वर्षी पौष महिन्यात त्यांची नात खुशी दोन महिन्यांची होती. सून पौर्णिमा तापातून उठली होती आणि तिचं दूध तुटलं होतं. बाळाला डब्यातल्या पावडरीचं दूध द्यायचं ठरलं. आजीनं त्यासाठी झिऱ्याचं पाणी आणलं आणि लहान लेकराला द्यायचं तसं ते अर्धं होईपर्यंत आटवलं. या भागात बाळंतिणीला आणि बाळाला असंच पाणी देतात. एका तांब्याचा अर्धा तांब्या उरला की पाणी हलकं झालं असं समजतात. दिवसाला दोनदा, तीन आठवडे, सुभद्राबाईंनी हे पाणी दुसऱ्या कुणाला हात लावू न देता केलं.

एका दुपारी खुशीचे ओठ निळसर दिसले. आधी थंडी वाटली म्हणून तिला दुलईत गुंडाळलं. मग नखंही निळी झाली. खुशालरावांनी त्यांची गाडी काढली आणि परतवाड्याला पोहोचवलं. तिथून अमरावतीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त काढलं, ते चॉकलेटसारखं तपकिरी होतं. त्यांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "पाणी कुठलं?"

खुशी वाचली. डॉक्टरांनी सांगितलं की खतातलं नायट्रेट पाण्यात उतरतं, मोठ्या माणसाला ते सहसा लगेच जाणवत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्त त्यामुळे ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. उकळल्यानं ते जात नाही. पाणी आटतं, ते मागे राहतं. अर्धं आटवलं म्हणजे दुप्पट झालं.

हे सुभद्राबाईंना दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही. माहेरी खारट पाणी तापवलं की पातेल्याच्या बुडाशी मिठाचा पांढरा थर बसे, तो त्या राखेनं घासून काढत. मीठ आटत नाही, हे त्यांना माहीत होतं. दवाखान्याच्या जिन्यात बसून त्या मुलाला, गजेंद्रला, म्हणाल्या, "मले ठाऊक होतं रे. मले ठाऊक होतं."

झिऱ्याचा नमुना तपासायला गेला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. झिऱ्यात अठ्ठ्याऐंशी निघालं.

पौर्णिमा दवाखान्यातून थेट नांदगाव खंडेश्वरला माहेरी गेली, ती तिथंच आहे. भांडण झालं नाही. तिनं फक्त सांगितलं, "पंचेचाळीसच्या खाली आलं की येईन." कॅनचं पाणी विकत आणू, असं गजेंद्र म्हणाला. ती म्हणाली, "एक दिवस गाडी नाही आली, अन कोनी विसरून झिऱ्याचं दिलं तं?" तो दर रविवारी बसनं नांदगावला जातो. खुशी आता चालायला लागली आहे, तिला पूर्वीइतका धोका नाही. पण पौर्णिमाला सातवा महिना आहे. दुसरं बाळंतपण सासरी व्हावं, अशी रीत आहे. ते होणार की नाही आणि ते बाळ या घरात वाढणार की नाही, हे झिऱ्याच्या आकड्यावर आहे.

पाण्यात नायट्रेट किती असावं, याला मर्यादा आहे. जमिनीत खत किती घालावं, याची शिफारस असते, मर्यादा नसते. सुभद्राबाईंनी ती स्वतःच घालून घेतली. वर्षभर बगीच्यात युरियाचा दाणा पडू दिला नाही. मृग बहार, म्हणजे पावसाळ्यातला फुलोरा, सोडून दिला. पावसाळ्यानंतर पानं पिवळी पडायला लागली, शिराही पिवळ्या झाल्या. गजेंद्र एकदा चिडून म्हणाला, "माय, झाडं उपाशी मरून राह्यली. थोडंसं टाकू." त्यांनी गोदामाची किल्ली पदराला बांधून ठेवली.

डिसेंबरात झिऱ्याचा नमुना पुन्हा गेला. यावेळी सत्त्याण्णव आलं.

आकडा सांगायला भूजल खात्याच्या एक मॅडम गेल्या आठवड्यात ग्रामसभेला आल्या होत्या. त्यांनी खरं ते सांगितलं. झिऱ्यातून आज येणारं पाणी किती वर्षांपूर्वी मुरलेलं आहे ते सांगता येत नाही. आज खत कमी केलं तरी फरक दिसायला पाच वर्षं लागतील, दहाही लागतील. कमी केलं नाही तर तो कधीच दिसणार नाही. चारही बगीच्यांनी खत निम्म्यावर आणावं आणि तेही एकदम न देता थोडं थोडं द्यावं, असं त्या म्हणाल्या.

सभेनं यातलं दहा वर्षांचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

"दहा सालानं?" मागून कुणीतरी म्हणालं. "तवर तं पोराचं लग्न होईन, मॅडम."

हशा झाला. मग ठराव लिहिला गेला. शेतकऱ्यांनी खताचा वापर जपून करावा.

सुभद्राबाई उभ्या राहिल्या. "जपून म्हंजे किती? आकडा लिवा."

सरपंच रागिणीताई त्यांना मान देणाऱ्यांतल्या आहेत. त्यांनी आवाज खाली आणला. "काकू, आकडा लिवाचा अधिकार आपल्याले नाही. उद्या कोनी कोर्टात गेलं तं मी काय सांगू?"

"मंग झिऱ्याले कोन सांगीन?"

यावर कुणी हसलं नाही, पण ठरावात शब्दही बदलला नाही.

आंबिया बहाराची एक रीत आहे. डिसेंबरात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, जमीन भेगाळते. याला ताण देणं म्हणतात. मग जानेवारीत एका दिवशी ताण सोडतात. प्रत्येक झाडाच्या आळ्यात शेणखत, युरिया, सुपर फॉस्फेट घालतात आणि भरपूर पाणी देतात. तहानलेलं झाड एकदम जागं होतं आणि फुलोरा येतो. सगळं वर्ष या एका पाण्यावर असतं. भेगांमधून पाणी खोल जातं, खतही जातं. वर्षभरातलं सगळ्यात जास्त नायट्रेट याच दिवशी खाली उतरतं.

खुशालरावांच्या बगीच्याचा ताण सोडायची वेळ झाली आहे. उकिरडा हलवून झाल्यावर दुपारी सुभद्राबाई तिकडे गेल्या तेव्हा बाया आळ्यांत खत पसरत होत्या. खुशालराव सुभद्राबाईंच्या दिवंगत नवऱ्याचे सोबती. ते झाडाखाली खाटेवर बसले होते.

"या, वयनी. उभ्या कावून? बसा."

"बसाले नाही आली, भाऊजी. अर्धं टाका."

"मॅडमनं सांगतलं म्हनून?"

"मी सांगून राह्यली म्हनून. आता अर्धं, बाकीचं फळ धरल्यावर थोडंथोडं."

"थोडंथोडं खाले झाड काय पाहुना हाय?" खत पसरणाऱ्या बाया हसल्या. खुशालराव हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "एक गोष्ट सांगा. सालभर तुमी दाना नाही टाकला. बरोबर?"

"बरोबर."

"आकडा अठ्ठ्याऐंशी होता. सत्त्यान्नव झाला. मंग माह्या अर्ध्यानं काय होईन?"

खत कमी केलं नाही तर फरक कधीच दिसणार नाही, हे मॅडमचं वाक्य सुभद्राबाईंनी त्यांना सांगून पाहिलं. खुशालरावांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की तुमच्या सुनेचं बाळंतपण दहा सालानं आहे का. मग सुभद्राबाईंनी ठरवून आणलेली गोष्ट काढली.

"माह्या बगीच्याचा आंबिया तुमी घ्या. सारा. एक फळ मले नको. तुमाले तोटा झाला तं त्यातून भरून काढा. फक्त या साली अर्धं टाका."

खुशालरावांनी धुऱ्यापलीकडे पाहिलं. तिथून सुभद्राबाईंची पिवळी झाडं दिसतात.

"वयनी," ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, "त्यायले फूल तरी येईन का?"

ते खरं होतं. देऊ केलेली वस्तू त्यांच्याकडे उरलीच नव्हती.

"खुशीले तुमीच नेलं होतं ना, भाऊजी? पाह्यली होती ना तुमी तिले, निळी?"

"पाह्यली होती. लेकराले काही झालं तं उद्या बी नेईन. गाडीत डिझेल भरून ठेवतो. पन खत कमी नाही करत." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "मी केलं तं वरचे दोघं करतीन का? इचारून या. ते म्हनतीन, खुशालराव करते का, ते पाहू."

सुभद्राबाई वरच्या दोघांकडेही जाऊन आल्या. ते तसंच म्हणाले.

संध्याकाळी नांदगावहून फोन आला. गजेंद्रनं स्पीकर लावून मोबाइल आईपुढे धरला.

"आई, ठरावात आकडा लिवला का?"

"नाही लिवला."

"अन खुशालकाका?"

"नाही म्हनले. खत पडलं."

फोनमध्ये खुशीचा आवाज येत होता, ती काहीतरी आपटत होती. पौर्णिमा म्हणाली, "मंग मी इथंच राह्यते, आई."

"हो."

"तुमच्यावर राग नाही माहा. तुमी बी या इकडे. इथं पानी बरं हाय." मग ती म्हणाली, "यायले इथल्या कृषी केंद्रात काम भेटून राह्यलं. सांगतलं का त्यायनं?"

गजेंद्रनं सांगितलं नव्हतं. त्यानं मोबाइलकडे पाहिलं, आईकडे पाहिलं नाही.

"कवापासून?" सुभद्राबाईंनी त्याला विचारलं.

"एक तारखेपासून बोलवलं. मी हो नाही म्हनलं अजून."

"म्हन."

"माय, बगीचा?"

"बगीच्यात हाय काय आता? म्हन हो."

त्यानं फोन घेतला आणि बोलायला बाहेर गेला. सुभद्राबाईंनी कॅनमधून तांब्याभर पाणी घेतलं आणि भात चढवला. तांदूळ दोघांचेच होते.

खुशालरावांच्या बगीच्यात शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्या आळ्यांत खत पसरून झालं आहे. गावच्या फिडरवर या आठवड्यात शेतीपंपाची लाईन सकाळी आठ ते दुपारी चार असते. उद्या आठ वाजता ती येईल आणि ताण सुटेल.