आत्याने लांबून ठेवलेलं नाव

शैलाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी सिन्नरच्या बसमध्ये उभा होतो. फोनवर तिच्या शेजारच्या वहिनी होत्या. सकाळी पेपर वाचता वाचता गेली, म्हणाल्या. कोणाला पाणी द्यायचीसुद्धा तसदी दिली नाही. आज महिना होत आला. रडू येत नाही असं नाही, पण तिची आठवण काढायला बसलं की आधी हसूच येतं. ती असती तर म्हणाली असती, "मग हस की, कोणी धरलंय तुला?"

शैलाताई माझी मावसबहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मावशीचा मखमलाबादकडे झेंडूचा आणि भाजीचा मळा होता. मावशी लवकर गेली तेव्हा ताईचा धाकटा भाऊ सुनील नुकता चालायला लागला होता. ताईने त्याला वाढवलं, स्वतः कचेरीत कारकुनी करून शिकवलं आणि स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही. मळ्यात विहिरीची मोटर बंद करायचं काम लहानपणी तिच्याकडे असायचं. एकदा ती विसरली आणि मोटर जळाली. तिचे वडील, माझे काका, आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून काहीही चालू राहिलेलं तिला सोसायचं नाही. पंखा, टीव्ही, नळ... आपण खोलीतून उठलो की मागे खटकन बटण वाजलंच. माझी बायको आंघोळ करत असताना तिने एकदा आमचा गीझर बंद केला होता, तोही अगदी काळजीपोटी.

सुनील नोकरीसाठी अमेरिकेला गेला तेव्हा जाताना तिला कॉम्प्युटर घेऊन देऊन गेला. चार-पाच वर्षांनी तिकडे त्याला मुलगी झाली आणि बारशाचा रविवार ठरला. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे हिचाच. ताई इथून माइकवर नाव सांगणार असं ठरलं. पण कॉम्प्युटर इतका रडतखडत चालायचा की समोरच्याचा चेहरा दिसेपर्यंत तो माणूस उठून गेलेला असायचा. शेवटी ताईने धीर केला. फोटो सीडीवर उतरवून ठेवले आणि सोबत आलेल्या कंपनीच्या सीडीने कॉम्प्युटर कोरा करून टाकला, अगदी घेतला होता तसा. तर तो पहिल्यापेक्षाही मंद झाला! सुनील फोनवर म्हणाला, "ताई, नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस. इथली एक मैत्रीण ठेवेल नाव." ताई त्याला "बरं" म्हणाली आणि लगेच मला फोन लावला. "विनू, उद्याच्या उद्या ये. माझ्या भाचीच्या कानात माझ्याआधी दुसरं कोणी बोललं ना, तर बघ!"

मी सिन्नरच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करणारा, कॉम्प्युटरमधलं जेमतेम कळणारा माणूस. तरी गेलो. डबा उघडून धूळ झटकली, मेमरीची जादा पट्टी बसवली, व्हायरसवरचे दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या उरावर बसले होते त्यातला एक काढला. फरक पडला तो अगदी नावाला. हात टेकून चहा घेत होतो, तेवढ्यात ताईने मेल बघून कॉम्प्युटर बंद करायला घेतला. पडद्यावर सूचना आली, अपडेट चालू आहेत, वीज बंद करू नका. तिने सरळ भिंतीवरचं बटण दाबलं.

"अगं, ते काय म्हणतंय वाचलंस का?"

"रोजच म्हणतं. माझं घर, माझं बटण."

मी कपाळावर हात मारून घेतला. कोरा केल्यावर बिचारा पाच वर्षं मागे गेला होता. मधल्या वर्षांचं सगळं तो नेटवरून ओढायला बघायचा, त्यातच त्याचा जीव अर्धा व्हायचा, आणि काम संपायच्या आत ही वीज घालवायची. दुसऱ्या दिवशी त्याचं पुन्हा पहिल्यापासून सुरू. यावर औषध एकच होतं, दिवसभर त्याला चालू ठेवायचं आणि हात लावायचा नाही. ताईला हे सांगणं म्हणजे तिला उपाशी बसवण्यासारखंच होतं. त्यात तिच्याकडे लोडशेडिंग. आमच्या देवळाली कॅम्पात लाइट त्या मानाने कमी जायची, म्हणून शनिवारी सकाळीच तो डबा चादरीत गुंडाळून मांडीवर आणि पडदा पायाशी घेऊन ती रिक्षाने आमच्या घरी आली. दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिली. हात बटणाकडे जाऊ नये म्हणून माझ्या बायकोने तिच्यापुढे मेथीच्या चार जुड्या टाकल्या. "अजून झालं नाही का रे? किती खातोय हा!" असं ती दर दहा मिनिटांनी विचारायची, पण उठली नाही. दिवेलागणीला तो आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि झटक्यात उघडला. ताईने टाळ्या वाजवल्या... पन्नाशीची बाई, मेथीच्या देठांमध्ये बसून टाळ्या वाजवत होती.

रविवारी संध्याकाळी, तिकडच्या सकाळी, आमच्याच घरी ती नवी साडी नेसून, खणानारळाची ओटी पडद्यासमोर ठेवून बसली. तिकडे सुनीलने हेडफोन बाळाच्या कानाशी धरला. ताईने आम्हाला गप्प केलं, माइकभोवती हाताचा आडोसा केला आणि अगदी वाकून कुर्र केलं. नाव मुक्ता ठरलं होतं, एका शब्दाचं काम. पण ताई आडोशामागे नावानंतरही काहीतरी बोलत राहिली. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "ते आमच्या दोघींमधलं आहे." पुढे कितीदा चिडवलं तरी तिने सांगितलं नाही.

तेराव्याला सुनील आला होता. सगळे गेल्यावर आम्ही दोघेच ताईच्या खोलीत बसलो होतो. टेबलावरचा माइक हातात घेऊन तो रुमालाने पुसत राहिला. मग म्हणाला, "विनूदादा, हेडफोन मीच धरला होता ना. मला सगळं ऐकू येत होतं. तिला कधी बोललो नाही, लाजली असती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मुक्ता, मी तुझी आत्या. लांब आहे, पण आहे."

"आणि?"

"आणि म्हणाली... तुझ्या बाबालापण सांग हं."