दोन दारांची गाडी आणि आत्याचा होकार

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि दारं न मोजता गाडी घेणाराही पहिला मीच.

गाडी हैदराबादहून मागवली. सेकंडहँड, पण काय चीज! लांब नाक, बसकी पाठ, आणि चालू केली की छातीत नगारा वाजायचा. कंपनी मात्र साधीच, आपल्या रोजच्या गाड्या बनवणारी. जाहिरातीत ‘फोर सीटर’ वाचलं आणि माझ्यातल्या बी.कॉम.नं हिशेब केला: मी, धाकटा भाऊ मल्लू, वडील म्हणजे आप्पा, आणि आत्या. बरोब्बर चार! (चौघांना आत शिरायला दारं दोनच, हे गाडी नांदेडला दारात उभी राहिल्यावर कळलं.)

सगळी घाई मल्लूच्या लग्नाची. मल्लू शेती करतो. “पोरगं गुणाचं हाय, पण नोकरी?” हे ऐकून आम्ही किती तरी घरांचा चहा पिऊन परतलो होतो. आता लातूरचं स्थळ आलेलं.

“अशा गाडीतनं जाऊ, की नोकरीचं कुणी विचारणारच न्हाई!” मी म्हणालो.

पुढची सीट वाकवून आत्याला मागं बसवलं. (बसवलं हा सौम्य शब्द झाला.) अंग भारदस्त, गुडघे कुरकुरणारे. आधी पाठ गेली, मग आत्या, मग नऊवारीचा उरलेला भाग. शेजारी काटकुळे आप्पा सुरकन शिरले.

“शिवा, ही गाडी हाय का धान्याची कणगी रे?” आत्या आतनं ओरडली.

पण हायवेला लागलो आणि काय सांगू! गाडी पळत नव्हती हो, रस्ताच कुणीतरी मागं ओढत होतं!

“लोह्याला चहा घिऊ,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, लोहा गेलं.”

“कवा?”

“तुमी चहा म्हणलात तवा!”

लातूरला मुलीचे वडील फाटकातच उभे. त्यांनी गाडीला फेरी मारली, पुढचा बिल्ला वाकून पाहिला आणि खुशीत म्हणाले, “अरे वा! आमच्या गल्लीतल्या वडापवाल्याची जीप बी ह्याच कंपनीची हाय. बारा-बारा माणसं कोंबतो!”

तेवढ्यात मागून आवाज आला, “शिवा, मला बाहेर निघता येईना!”

आम्ही सीट सरकवली. सीट सरकली, आप्पा सुरकन बाहेर आले, आत्या सरकली नाही. मल्लूनं हात ओढला, आप्पांनी सल्ला ओढला, गल्ली जमली. “सीटच काढा!” “छत कापता येतंय का बघा!” (छत! मी बॉनेटला मिठीच मारली.)

आता आत्याच्या होकाराशिवाय आमच्याकडं बैलाची झूलसुद्धा बदलत नाही. आत्या गाडीत, मुलगी घरात, तर बघायचं कसं? शेवटी मुलगी, ज्योती, पोह्यांची ताटली घेऊन स्वतःच बाहेर आली.

“आत ये की गं माय, एसी हाय,” आत्या म्हणाली. ज्योती आत शिरली. दार लागलं. मागची काच उघडतच नाही! तर बघण्याचा कार्यक्रम आत, आणि आम्ही सगळे भर उन्हात काचेला नाक लावून बाहेर. आत दोघी हसत होत्या. मल्लूला घाम.

“दादा, हो म्हणत्यात का न्हाई म्हणत्यात?”

“आत्या पोहे खाऊन राहिली, एवढंच दिसतंय.”

मग दार उघडलं. ज्योती आधी उतरली, आत्याला म्हणाली, “बसताना जशा गेलात तशाच उलट्या या. माझ्या खांद्यावर भार द्या, घाई नको.” आणि आत्या बाहेर! गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

आत्यानं पदर सारखा केला. “आप्पा, ठरलं. जी पोरगी मला ह्यातनं काढती, ती आपला संसार बी वर काढती!”

सगळे मुलीकडं बघू लागले. ज्योती गाडीकडं बघत होती. “शेतीचं चालंल मला. पण ही गाडी चालवायला मिळंल का?”

“मिळंल!” मल्लू ओरडला. (गाडी कुणाची, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.)

लग्न झालं. परवा माहेरी जायला निघाले: ज्योती स्टिअरिंगवर, शेजारी मल्लू, मागं आप्पा आणि आत्या. आत्या आता झोकात शिरते. काढणारी घरातच आहे ना! काय पळवते ती गाडी! मी डोळे भरून बघतच राहिलो.

जागा चारच. लातूरला मीही गेलो. वडापनं, तेरावा. कंपनी मात्र तीच होती!