तोफा आणि खिडकी

देवळाली कॅम्पच्या एका चर्चमध्ये मैत्रिणीच्या गायनवृंदाचा सराव ऐकायला गेलो होतो. जवळच्या लष्करी रेंजवर तोफा चालू होत्या. दर धडाक्याला सूर हलत होता, म्हणून मी उठून खिडकी लावली.

पेटीवरच्या म्हाताऱ्या मास्तरांनी भाता सोडला. गुडघ्यांवर हात टेकत उठले, येऊन खिडकी सताड उघडली. बायका लांब लांब बसल्या होत्या. पुढच्या तीन खुर्च्या रिकाम्याच.

"मास्तर, पाहुणा आहे तो," मैत्रीण म्हणाली.

"पाहुण्याला फुप्फुसं नसतात का?" मग माझ्याकडे वळले. "करोनाच्या साथीच्या वर्षी नाताळचा सराव होता. याच तोफांना वैतागून सगळ्या खिडक्या बंद केल्या. आठवड्यात सगळे आजारी. तिघी गेल्या."

मी तावातावाने म्हणालो, "साथीत सराव कसा घ्यायचा हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. दोष चर्चच्या कमिटीचा आहे! जाब विचारायला हवा."

"विचार की. कमिटी म्हणते, देवाची इच्छा. तू म्हणतोस, कमिटीचा दोष." ते पुन्हा पेटीशी बसले. "खिडक्या मी लावायला सांगितल्या होत्या, बाळा."

पुढचा धडाका झाला. सूर हलला. त्यांनी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.