इंजिनावरचा डबा

थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरला निघालो आणि कारंज्यात माझी एसटी चुकली. एका ट्रकवाल्याने नागपूरपर्यंत बसवून घेतलं. तेव्हा ट्रकचं इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं. त्याच्या तापलेल्या झाकणावर ह्या गृहस्थाने जेवणाचा डबा ठेवला होता. तव्यावरची भाकर फिरवावी तसा तो मधूनमधून एका हाताने डबा फिरवायचा, रस्त्यावरची नजर न काढता.

मी मांडीवर वही घेऊन गणित सोडवत होतो.

"काय लिहून राह्यला बाप्पा?"

"इंजिनात जेवढी उष्णता जाते, त्यातली कामी किती येते, ते काढतोय," मी ऐटीत म्हणालो. "नव्वद टक्के आली."

तो हसला नाही. माझं मनगट धरून त्याने तळवा झाकणावर टेकवला. मी चटकन हात ओढून घेतला.

"नव्वद कामी येते, तं मंग माही भाजी काऊन तापते?"

मी वही तपासली. तापमानं केल्विनमध्ये करायची विसरून सेल्सिअसमध्येच घातली होती. नवं उत्तर सत्तेचाळीस आलं.

"तेबी जास्तच हाय," तो म्हणाला.

वाटेत ट्रक थांबवून त्याने अर्धी भाकर आणि वाफाळती वांग्याची भाजी माझ्या हातावर ठेवली. नाव त्याने विचारलं नाही, मीही नाही.

पेपरात ते गणित आलंच नाही. वाया जाणाऱ्या उष्णतेची व्याख्या मात्र विचारली होती. मी पुस्तकातली लिहिली, पण तोंडात अजून त्या वांग्याची चव होती.